मान्यवर जानकीबाई

३ फेब्रुवारी, सोमवार

माइक मला! मला! मला!

अरविंदचा आवाज बसलाय. बिरवाडीला कंपनीत रात्रपाळ्या, त्यात कुठल्याशा लग्नात वरातीपुढे बोंबलत नाचला, आता घशातून नुसती हवा येते. आमच्या वाडीच्या क्रिकेट स्पर्धेची कॉमेंट्री दरवर्षी तोच करतो. शुक्रवारी स्पर्धा सुरू, रविवारी फायनल, आणि समालोचक मुका!

दुपारी दुकानात असताना राजूदादाचा फोन आला. राजूदादा म्हणजे राजेंद्रदादा, आमच्या मंडळाचा अध्यक्ष. राहतो मुंबईला, पण वाडीत कोंबडं आरवलं तरी त्याला कळतं. "मानसी, तू कालेजात ते वक्तृत्व का काय करायचीस ना? जमेल का तुला?"

जमेल का! मी हो म्हणायच्या आधी तो पुढचं बोलायला लागला होता. "पहिले दोन दिवस कर. बरं झालं तर फायनल तुझी. नायतर फायनलला महाडवरनं कोनतरी आनू, यूट्यूबला लाइव हाय यंदा."

फायनल माझी. मी ठरवून टाकलंय. लाइव्ह!!

आई म्हणाली, "पोरीनं माइकवर वरडायचं? काय म्हनतील लोकं?" भाकरी थापता थापता थांबली आणि मग, "निळा ड्रेस घाल. हिरव्यात तू आजारी दिसतेस."

४ फेब्रुवारी, मंगळवार

दिवसभर सराव. पोलादपुरात मेडिकलमध्ये गिऱ्हाईक आलं की मनात कॉमेंट्री. एकदा मनातलं तोंडात आलं — "आणि काउंटरच्या दिशेने येत आहेत खोकल्याच्या औषधाच्या शोधात..." दुकानाचे मालक दत्तारामशेठ चष्म्यावरून बघत राहिले. म्हणाले, "बिल कर, बिल."

संध्याकाळी घरी यायला मिनीडोर रिक्षात बसले तोवर अरविंदचे मेसेज. बोलता येत नाही तर माणूस किती टाइप करतो! 'क्रिकेट कुणी पण बोलेल. चेंडू गेला, चौकार, संपलं. खरी परीक्षा मान्यवरांची. मान्यवर मैदानात आले की चेंडू हवेत असला तरी सोडायचा आणि नाव घ्यायचं. नाव राहिलं तर माणूस वर्षभर बोलत नाही. मागे एकाचं राहिलं तर त्याने मंडळ सोडून दुसरं मंडळ काढलं.'

मी विचारलं, मान्यवर कोण ते ओळखायचं कसं?

त्याने नुसता हसणारा चेहरा पाठवला. मग लिहिलं, 'तो ओळखू येईल असाच चालतो.'

५ फेब्रुवारी, बुधवार

मान्यवर. मान्यवर. मान्यवर. आज बारा तास हाच शब्द तोंडात, बडीशेपेसारखा.

गंमत बघ. शाळेपासून हजारदा ऐकला असेल, 'व्यासपीठावरील मान्यवर व जमलेल्या माझ्या बंधूभगिनींनो', आणि कधी थांबून विचार केला नाही. मान्य म्हणजे मानलेला. वर म्हणजे श्रेष्ठ, गुरुवर मधला. म्हणजे लोकांनी मोठा मानलेला माणूस. पण कोणत्या लोकांनी? ते कुठे लिहिलंय? आणि तो 'व' बघ मधला! मान्यवर व ग्रामस्थ. मान्यवर व प्रेक्षक. एक अक्षर मध्ये उभं करून सरळ दोन भाग केले. व च्या अलीकडे पांढरं कापड घातलेल्या खुर्च्या, पलीकडे बसायला बांध.

आणि रोज बोलताना तर कुणी हा शब्द वापरतच नाही! कुणी घरात म्हणतं का, 'आज आमच्याकडे मान्यवर जेवायला आहेत'? हा शब्द फक्त माइकवर आणि फ्लेक्सवर जगतो. खाली उतरला की चेष्टाच होते. मी आज संध्याकाळभर बोक्याला मान्यवर म्हणत होते. "मान्यवर, चुलीपासून उठा." तो उठला नाही. म्हणजे खराच मान्यवर!

निरीक्षण: वेळेवर आला तो प्रेक्षक, उशिरा आला तो मान्यवर. हसू येतंय एकटीलाच. आई म्हणते, झोप आता येडी.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

जमलं!! घसा खरवडून निघालाय पण जमलं!

मैदान काय सुंदर दिसत होतं. आमची वाडी डोंगराच्या कुशीत, सपाट जागा म्हणजे एकच, जानकीकाकीचं खालचं शेत. भात कापलं की पोरं मधला बांध फोडतात, पाणी मारतात, पीचवर रोलर फिरवतात, चुना मारतात, की झालं स्टेडियम. हे शेत नसतं तर आम्ही क्रिकेट भिंतीवर खेळलो असतो. वरती पताका, एका बाजूला मंडप, मंडपात माझं टेबल. टेबलावर माइक. लाल झाकणाचा. पहिला शब्द बोलले आणि समोरच्या डोंगरावरून माझाच आवाज परत आला. अंगावर काटा!

पहिल्या सामन्यात जरा अडखळले. 'मिडविकेट' म्हणायला गेले आणि 'मेडिकल' म्हटलं. सगळे हसले, मी पण हसले, मग सुटले एकदम. "गेला गेला गेला, चेंडू काजूच्या झाडात, शोधायला माणूस पाठवा!" यूट्यूबवाल्या मुलांनी अंगठा दाखवला.

आणि मान्यवर! अरविंद खरं बोलत होता, ओळखू येतात. सरळ मंडपात येत नाहीत. आधी बाउंड्रीच्या कडेने जातात, माझ्याकडे न बघता. मी नाव घेतलं की आश्चर्य वाटल्यासारखं थांबतात. आमच्या वाडीतले कोंडाजीबाबा — बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा मुंबईला, एकटेच असतात, टोपी नेहमी कडक इस्त्रीची — ते बाउंड्रीला चक्कर मारून गेले. मी आउट झालेल्या पोराबद्दल बोलत होते. परत चक्कर. मी पाणी पीत होते. तिसऱ्या चक्करीला सरळ टेबलाजवळ येऊन खोकले. "मैदानात आगमन झालेलं आहे, आपल्या वाडीतील ज्येष्ठ मान्यवर श्री. कोंडाजी यांचं!" असे काही फुलले! खुर्ची मिळाली, गुलाबाचं फूल मिळालं. दिवसभर ते फूल खाली ठेवलं नाही.

किती जणांची नावं घेतली आज कोण जाणे. आणि घरी येताना एकदम टाळक्यात आलं — एकही बाई नाही. एक सुद्धा!

आणि दुसरं त्याहून मोठं. दुपारी जानकीकाकी बकरी सोडवायला आली होती शेताच्या कडेला. एक मुंबईचा पोरगा ओरडला, "ओ आजी, साइड! साइड! बॅटिंग चालू हाय!" ती मुकाट बाजूला झाली. स्वतःच्या शेतातून! मी माइकवर होते आणि मी पण काय म्हटलं, तर "मैदानाबाहेर व्हा काकी." मला स्वतःचा इतका राग आला!

तर उद्या बघच. उद्या मी काय करणार आहे ते बघ!

८ फेब्रुवारी, शनिवार

अरे देवा. अरे देवा, देवा, देवा.

सगळं नीट लिहिते. हसावं की रडावं कळत नाही.

सकाळी जानकीकाकी गवताचा भारा घेऊन वरच्या पायवाटेने चालली होती. मी ठरवलंच होतं. दोन ओव्हरच्या मधे सगळा आवाज लावून म्हटलं, "ज्यांच्या शेतात आपण खेळत आहोत, त्या या मैदानाच्या मालकीण, मान्यवर श्रीमती जानकीबाई! त्यांनी मंडपात यावं ही विनंती!" लोक वळून वर बघायला लागले. टाळ्या! मला इतकं भरून आलं. आणि नेमकं तेव्हाच कोंडाजीबाबा आले, आजची पहिली चक्कर मारत. नाव राहिलं तर वर्षभर बोलणार नाहीत, म्हणून मी त्याच दमात पुढे म्हटलं, "आणि त्यांच्या शेजारी स्थानापन्न होतील, मान्यवर कोंडाजी!"

डोंगराने ते दोनदा परत म्हणून दाखवलं.

वर पायवाटेवर भारा खाली पडला. जानकीकाकी तरातरा उतरली, पदर खोचला, बाउंड्री ओलांडली, बॅट्समनच्या समोरून गेली आणि पीचच्या मधोमध फतकल मारून बसली.

"कोनी ठरवलं?" ती ओरडली. माइकची गरजच नव्हती. "माझ्यासाठी कोनी ठरवलं? माझा धनी जाऊन एवढी वर्सं झाली, मी कुनाच्या दारात गेले नाय. आन आता ह्या वयात सगळ्या मुलखासमोर सांगतेस, मान्य वर कोंडाजी? मला मान्य हाय असं कोनी सांगितलं तुला?"

मान्य वर!!! मान्य असलेला वर! नवरदेव! शेजारी बसवला सुद्धा!

सगळं मैदान हसायला लागलं. आणि हसले म्हणून ती आणखी भडकली. मंडपात कोंडाजीबाबा खुर्चीतून अर्धे उठले, टोपी नीट केली आणि म्हणाले, "मला कुनी इचारलं नव्हतं बुवा. पन आता... बगा तुमी."

हे ऐकून यूट्यूबवाला मुलगा कॅमेऱ्यासकट खाली बसला.

मी हसले नाही. शप्पथ.  स्पर्धेसाठी मुंबईहून आलेला राजूदादा धावत आला, लालबुंद. "तिला उठव. सामना थांबलाय, बाहेरच्या टीमा आल्यात. अर्ध्या तासात उठली नाय तर माइक ठेव आन घरी जा. फायनलचं इसर."

पोरांनी आधी विनवलं, मग एकाने हात धरायचा प्रयत्न केला तर तिने कोयती दाखवली. शेवटी मीच गेले. तिच्यासमोर पीचवर बसले, निळ्या ड्रेसमध्ये, उन्हात. चुना लागला सगळा.

"काकी, मान्यवर म्हंजे नवरा नाय गो."

"वर म्हंजे काय मग? मला शिकवू नको. माझ्या लग्नात वर होता."

"हा वर येगळा. वर म्हंजे मोठा. मोठा मानूस."

"मंग मोठा मानूस म्हनायचं. वर कशाला म्हंतेस?"

  मी बुधवारी संध्याकाळभर शब्दावर विचार करून बसले होते आणि हे डोक्यातच आलं नव्हतं की सरळ 'मोठं माणूस' म्हणता येतं. मी म्हटलं, "माइकवर असंच म्हनतात. काल किती जनांना म्हटलं. ते सगळे काय नवरे हायत?"

तिने मंडपातल्या पांढऱ्या खुर्च्यांकडे बघितलं. एकेक माणूस बघून झाला. मग तिचा खालचा ओठ हलला, आणि मला कळलं की हसू दाबतेय. "एवढे नवरे!" ती म्हणाली. "बाय गो!"

मग आम्ही दोघी हसलो. कधी हसलो नसू असं. सगळं मैदान वाट बघतंय आणि आम्ही दोघी पीचवर लोळतोय.

डोळे पुसून तिने विचारलं, "मान्यवराला काय देतात?"

"खुर्ची. शाल. नारळ."

"आन?"

"फायनलला बक्षीस द्यायला बोलवतात. मग दोन शब्द बोलायचे."

"काय बोलायचं?"

"कायबी. तुला वाटेल ते. मान्यवर बोलताना मधी कोन बोलत नाय."

"कोनबी नाय? राजू पन नाय?"

"राजूदादा पन नाय."

ती उठली. गुडघ्याला हात लावून, सावकाश. लुगड्याचा चुना झटकला. "उद्या येते," म्हणाली. "कोंडाजीला लांब बसव."

सामना सुरू झाला. मी परत माइकवर आले तेव्हा टाळ्या मला! राजूदादाने पाण्याची बाटली पुढे सरकवली. संध्याकाळी म्हणाला, "फायनल तूच कर."

तूच कर!!! परत लिहिते. फायनल तूच कर!

रात्रीपर्यंत तो व्हिडिओ सगळ्या ग्रुपवर गेला. मुंबईहून बाबांचा फोन, हसता हसता खोकायला लागले. "तुझ्या आईला सांग, काळजी नको. पोरगी माइकवरून दुसऱ्यांची लग्नं लावते, स्वतःचं बी लावील."

९ फेब्रुवारी, रविवार

आज आयुष्यातला सगळ्यात मोठा दिवस. हे मी अतिशयोक्ती न करता लिहितेय. बरं, थोडी करून.

जानकीकाकी मंडप उघडायच्या आधी येऊन बसली होती. ठेवणीतलं हिरवं लुगडं, केसाला तेल. मी म्हटलं, काकी, मान्यवर उशिरा येतात. ती म्हणाली, "माझं शेत, मी लवकर येईन." मधली खुर्ची दिली. कोंडाजीबाबांना दुसऱ्या टोकाला. ते मधून मधून वाकून तिकडे बघत होते, गुलाब हातात.

फायनल आमची वाडी विरुद्ध तुडील. शेवटची ओव्हर, तुडीलला सात हव्यात. पहिला चेंडू, एक. दुसरा हुकला! तिसरा चौकार!! मी काय बोलत होते मला आठवत नाही, उभी राहिले होते खुर्चीवर, माइकची वायर गळ्यात. चौथ्याला कॅच सुटला आणि एक धाव गेली. मी म्हटलं, "हातातून निसटला, चेंडू नव्हे, चषक!" पाचव्या चेंडूला तुडीलचं पोर बॅट घेऊन असं धावलं की स्टंपलाच जाऊन धडकलं, पण रन झाली होती. हरलो! आम्ही हरलो, आणि मी वाडीची असून तुडीलसाठी किंचाळत होते. लाइव्ह बघणाऱ्यांचे मेसेज, 'ही मुलगी कोण?' 'आवाज एक नंबर!' अरविंदने फुसफुसता व्हॉइस मेसेज पाठवला. त्यात फक्त हवा होती, पण मला कळलं.

मग बक्षीस समारंभ. मी म्हटलं, "विजेत्या संघाला चषक प्रदान करतील, मान्यवर श्रीमती जानकीबाई. आणि त्या दोन शब्द बोलतील." राजूदादाने मान हलवली, घड्याळ दाखवलं. काकीला शाल घातली, नारळ दिला. तिने चषक तुडीलच्या कॅप्टनच्या हातात ठेवला आणि माइक हातात घेतला, पळी धरावी तसा, तोंडापासून लांब. बोलली. दोनच वाक्यं असतील, फार तर तीन. नेमका तेवढ्यात ढोल-सनईचा खालूबाजा सुरू झाला, पोरांनी कॅप्टनला खांद्यावर घेतलं, फटाक्यांची माळ पेटली, आणि मला कुणीतरी विचारत होतं, पुढच्या आठवड्यात वरच्या वाडीला येशील का. काकीने बोलून माइक टेबलावर ठेवला. मोठ्या टाळ्या! तिने सगळ्यांना नमस्कार केला. चेहरा काय शांत दिसत होता. मी पण जोरात टाळ्या वाजवल्या, माइक बगलेत धरून.

मग राजूदादा सगळ्यांसमोर म्हणाला, "पुढच्या वर्षी माइक मानसीचाच. अरविंद, तू मंडप बांध."

पुढच्या वर्षी पण माझा. दरवर्षी माझा! आईने मला जवळ घेतलं, धुळीसकट, सगळ्यांदेखत. घरी येईपर्यंत पाय जमिनीला लागले नाहीत. आईने बोक्याला दूध देताना त्याला मान्यवर म्हटलं, मुद्दाम, मला ऐकू जाईल असं.

झोपते. आवाज गेलाय. सुखाने गेलाय.

१० फेब्रुवारी, सोमवार

सकाळी पताका सोडवायला गेले तर जानकीकाकी पीचवर कुदळ मारत होती. ढेकळं बाजूला, चुन्याच्या रेघेसकट.

मी विचारलं, काल माइकवर काय बोललीस गो काकी, मला ऐकूच नाय आलं.

"ह्यापुढं शेत खेळायला देनार नाय म्हनलं. भात कापलं की वाल टाकनार, पोरं खेळायला लागल्यापासनं एकदा टाकता आला नाय. कोनाला अडचन असंल तर आताच बोला म्हनलं." तिने घाम पुसला. "कोन बोललं नाय. समद्यांनी टाळ्या वाजवल्या."